परदेशात पहिल्यांदा निघालात? कुणाचं मन न दुखवता फिरण्यासाठी

मलेशियाच्या साबा राज्यात किनाबालू नावाचा ४,०९५ मीटर उंचीचा डोंगर आहे. ३० मे २०१५ रोजी तिथं काही परदेशी पर्यटकांनी गाइड नको म्हणत असताना कपडे उतरवून फोटो काढले आणि ते इंटरनेटवर पसरले. सहाच दिवसांनी, ५ जूनला, डोंगर भूकंपानं हादरला आणि १८ जणांचा जीव गेला. किनाबालूच्या पायथ्याशी राहणारे कादाझान-दुसुन लोक मानतात की आपल्या पूर्वजांचे आत्मे या डोंगरावर वास करतात. पर्यटकांच्या वागण्यानं डोंगर कोपला, असं तिथं उघडपणे बोललं जाऊ लागलं. चार पर्यटकांना सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याबद्दल तीन दिवसांची कैद आणि प्रत्येकी ५,००० रिंगिट दंड झाला.

फोटो काढल्यानं भूकंप होत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. जगभरातल्या बातम्यांत तेवढ्याचीच थट्टा झाली. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. ज्यांच्या घरची माणसं त्या डोंगरावर दगावली, त्यांना त्याच आठवड्यात तो फोटोही पाहावा लागला.

मुद्दाम अपमान करायचा म्हणून विमानाचं तिकीट कुणी काढत नाही. होतं असं की, आपण ज्याला ‘पाहण्याचं ठिकाण’ म्हणतो ते कुणाचं तरी देवघर असतं, कुणाची कामावर जायची वाट असते, कुणाची स्मशानभूमी असते, आणि सुट्टीच्या भरात तेवढंच डोक्यातून निसटतं. आपण तिथं एक दिवस असतो, ते रोज असतात. या लेखातल्या सगळ्या सूचना या एका फरकातून आल्या आहेत.

पायरी १: बॅग भरण्याआधी तासभर वाचन

प्रेक्षणीय स्थळांची यादी करायला आपण आठवडा घालवतो. तिथले कायदे वाचायला एक तास द्या. त्या देशाच्या पर्यटन खात्याचं आणि इमिग्रेशनचं अधिकृत संकेतस्थळ, शिवाय आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं त्या देशाबद्दल काही सूचना दिल्या असतील तर त्या, एवढं पुरतं. रील पाहून मिळालेल्या माहितीवर विसंबू नका; रील करणारा दंड भरायला येत नाही.

वाचताना पुढच्या गोष्टी मुद्दाम शोधा.

राजा, राष्ट्रध्वज, धर्म यांबद्दलचे कायदे. थायलंडमध्ये फौजदारी कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राजा, राणी किंवा युवराजाच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. २००७ साली एका स्विस माणसाला दारूच्या नशेत राजाच्या तसबिरींवर रंग फवारल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढं राजानंच माफी दिली म्हणून तो सुटला. तिथल्या राजकारणावर तुमचं मत काहीही असो, ते टॅक्सीत किंवा बारमध्ये मांडू नका. त्याचा त्रास ऐकणाऱ्यालाही होऊ शकतो.

अंगावरचा टॅटू. हा मुद्दा ऐकून लोक हसतात. २०१४ मध्ये एक ब्रिटिश महिला श्रीलंकेत उतरली. तिच्या दंडावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं होतं, तेवढ्यावरून तिला अटक झाली आणि परत पाठवण्यात आलं. ती स्वतः बौद्ध धर्म मानणारी होती. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल देऊन भरपाई द्यायला लावली. पण तो तीन वर्षांनंतरचा न्याय. असा टॅटू असेल तर लांब बाह्यांचा शर्ट घाला.

बॅगेतल्या वस्तू. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बेकायदा आहे. सिंगापूरनं १९९२ पासून च्युइंग गमच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी घातली आहे. ड्रोन नेणार असाल तर परवानगीचं आधी पाहा. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच ठेवा.

शुल्क आणि मर्यादा. व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी नुसते दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. बालीत १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना १,५०,००० रुपिया द्यावे लागतात. ही ‘लूट’ म्हणून काउंटरवर हुज्जत घालणारे दिसतात. काउंटरवर बसलेल्या मुलीनं तो नियम केलेला नाही.

सणवार. बालीतल्या न्येपीच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत अख्खं बेट गप्प असतं. विमानतळ बंद, रस्ते रिकामे, दिवे मंद. पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं असतं. तारीख आधी कळली तर त्या शांततेचा अनुभव घेता येतो, नाहीतर चिडचिड होते आणि ती हॉटेलच्या नोकरांवर निघते.

पाच-सहा शब्दही पाठ करा: नमस्कार, कृपया, आभार, माफ करा, फोटो काढू का. उच्चार चुकला तरी चालतो.

पायरी २: कपडे

यावर फार लिहायची गरज नाही. पर्समध्ये किंवा पाठपिशवीत एक पातळ ओढणी किंवा शाल कायम ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत ही अट व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे, कंबोडियातल्या अंगकोरमध्ये आहे, बँकॉकच्या राजवाड्यातही आहे; आणि ती पुरुषांनाही लागू आहे. अर्ध्या चड्डीतले पुरुषच दारात जास्त वाद घालतात, असं मला दिसलं आहे. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावर ठीक, पण तिथून दोन गल्ल्या आत दुकानात शिरताना अंगावर काहीतरी चढवा.

पायरी ३: पूजा-प्रार्थनेच्या जागी

सगळ्यात जास्त गफलती इथं होतात, म्हणून थोडं सविस्तर.

दारातच थांबून आजूबाजूला पाहा. लोक चपला कुठं काढतात, डोकं झाकतात की उघडं ठेवतात, बायका आणि पुरुष वेगळे बसतात का, कुणी बोलतं आहे का? दोन मिनिटं असं उभं राहिलं की पाटीवर न लिहिलेले निम्मे नियम कळतात. पाटी असेल तर ती पूर्ण वाचा. नुसतं कॅमेऱ्यावर काट मारलेलं चित्र पाहून पुढं जाऊ नका.

बौद्ध देशांत पावलांना आणि डोक्याला फार अर्थ आहे. डोकं सगळ्यात पवित्र, पाऊल सगळ्यात खालचं. म्हणून मूर्तीकडे तळवे करून बसत नाहीत आणि लहान मुलाच्या डोक्यावरून लाडानं हात फिरवत नाहीत. मी स्वतः थायलंडमधल्या एका विहारात दमून भिंतीला टेकले आणि पाय पुढं ताणून बसले. शेजारच्या वयस्कर बाई काही बोलल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, स्वतःचे पाय एका बाजूला दुमडले, आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मला कळायला दहा सेकंद लागली आणि कान गरम झाले ते बाहेर पडेपर्यंत.

श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं अनादर मानलं जातं. म्हणजे सेल्फी आलीच. २०१२ मध्ये तीन फ्रेंच पर्यटकांना तिथं सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, कारण त्यांनी मूर्तीचं चुंबन घेत असल्यासारखे फोटो काढले होते. फोटो धुवायला दिले तेव्हा स्टुडिओवाल्यानंच पोलिसांना कळवलं.

आवाजाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये म्यानमारच्या मंडाले शहरात एका डच पर्यटकाला रात्री लाउडस्पीकरच्या आवाजानं झोप येईना. तो खाली उतरला, आवाज येत होता त्या इमारतीत शिरला आणि ॲम्प्लिफायरची वायर काढून टाकली. तिथं धम्मपठण चाललं होतं. धार्मिक कार्यात अडथळा आणल्याबद्दल त्याला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याचा वैताग कुणालाही समजेल. पण दुसऱ्याच्या गावात वायरला हात घालण्याआधी हॉटेलच्या काउंटरवर विचारायचं असतं.

चढू नका. हे वेगळं सांगावं लागतं हेच नवल. २०१९ मध्ये भूतानच्या दोचुला खिंडीत मोटारसायकलवरून आलेल्या भारतीयांच्या गटातला एक जण शिडी लावून चोर्तेनच्या (बौद्ध स्तूपाच्या) माथ्यावर उभा राहिला आणि त्याचा फोटो सगळीकडे फिरला. तिथले १०८ चोर्तेन युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले आहेत. त्यानं लेखी माफी मागितली, मग त्याला जाऊ दिलं. त्याच्या मागून भूतानला गेलेल्या भारतीयांना तो फोटो किती दिवस ऐकवला गेला असेल, कोण जाणे. बालीतही प्रकार तोच: २०२२ मध्ये तबानान भागातल्या एका पवित्र, कित्येक शतकं जुन्या झाडावर एका रशियन बाईनं नग्न फोटो काढून घेतला आणि पतीसकट तिची रवानगी झाली. २०२३ मध्ये बालीच्या गव्हर्नरनं परिपत्रकच काढलं. पवित्र झाडांना हात लावायचा नाही, देवळांवर चढायचं नाही, पूजेला आल्याशिवाय आतल्या गाभाऱ्यात शिरायचं नाही.

जिथं मंदिराच्या भिंती नाहीत तिथं तर आणखी सावध राहायला हवं. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड लाल खडक तिथल्या मूळ रहिवाशांना, आनंगू लोकांना, पवित्र. ‘कृपया चढू नका’ अशी विनंती तिथं कितीतरी वर्षं लिहिलेली होती आणि तरी माणसं चढत होती, कारण विनंती होती, बंदी नव्हती. वर कुणी जखमी झालं की पाहुण्याच्या दुःखाचं ओझं आपल्यावर येतं, असं आनंगू सांगत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. त्याआधीच्या दिवसांत तिथं चढण्यासाठी रांगा लागल्या होत्या. मला ते फोटो पाहवत नाहीत. बंदीची वाट न पाहता विनंतीला मान देणं एवढंच तर मागितलं होतं.

पायरी ४: कॅमेरा खाली ठेवायला शिका

पर्यटकांवर राग का येतो असं कुठल्याही गजबजलेल्या गावात विचारलं तर उत्तर बहुधा फोटोपाशी येऊन थांबतं.

क्योतोच्या गिऑन भागात संध्याकाळी गेइको (म्हणजे क्योतोतल्या गेशा) आणि शिकाऊ माइको कामावर जायला निघतात. त्यांना कामावर वेळेत पोचायचं असतं. पर्यटक त्यांची वाट अडवतात, किमोनोची बाही ओढतात, मागे धावतात. रहिवाशांनी आधी पाट्या लावल्या, पत्रकं वाटली. मग २०२४ मध्ये गिऑनच्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी झाली आणि शिरल्यास १०,००० येन दंडाची पाटी लागली. मुख्य रस्ता खुला आहे, आणि तिथून एखादी माइको गेली तर बाजूला होऊन तिला जाऊ द्यावं.

त्याच वर्षी फुजी पर्वताच्या पायथ्याशी, फुजिकावागुचिको गावात, एका दुकानामागे फुजी दिसतो म्हणून फोटोवाल्यांची इतकी झुंबड उडाली की लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले, शेजारच्या दातांच्या दवाखान्याच्या जागेत गाड्या लावू लागले. मे महिन्यात गावानं तिथं अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी ताणली. थोड्याच दिवसांत तिला भोकं पडली, मोबाइलची लेन्स मावेल एवढी. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावानं २०२३ मध्ये असाच लाकडी आडोसा उभारून पाहिला होता. वस्ती जेमतेम आठशेच्या आत, आणि पर्यटक रोज हजारोंनी. इटलीतल्या पोर्तोफिनोनं तर काही जागी नुसतं रेंगाळत उभं राहण्यालाच मनाई केली.

आपलं काम सोपं आहे. माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, भाषा येत नसेल तर कॅमेरा दाखवून भुवया उंचवा. मान हलली नाही तर तो नकार समजा. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. आपल्या मुलीचा चेहरा अनोळखी देशातल्या कुणाच्या फोनमध्ये असावा, असं आपल्याला चालेल का? अंत्ययात्रा, भांडण, अपघात, भिकारी, अंगणात वाळत घातलेले कपडे यांचे फोटो नकोत. ॲमस्टरडॅमच्या लाल दिव्यांच्या वस्तीत खिडकीतल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत हे तिथलं पोरसोर जाणतं, तरी रोज कुणीतरी फोन उचलतोच. विमानतळाची तपासणी, पोलीस, लष्कर यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. ती शिष्टाचारापेक्षा सुरक्षेची गोष्ट आहे.

रस्त्यात फोटो काढायला थांबायचं असेल तर मागे वळून पाहा. मागे कुणीतरी दूध घेऊन घरी निघालेलं असतं.

पायरी ५: जिथं माणसं मेली

पोलंडमधल्या ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांचे रूळ अजून आहेत. त्या रुळांवर दोन्ही हात पसरून तोल सांभाळत चालल्याचे फोटो इतके वाढले की मार्च २०१९ मध्ये तिथल्या संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली: हे करू नका. बर्लिनमधल्या होलोकॉस्ट स्मारकात २,७११ काँक्रीटचे ठोकळे आहेत. त्यातले बुटके ठोकळे बाकांसारखे दिसतात, आणि त्यावर उड्या मारणारे, योगासनं करणारे रोज दिसतात.

अशा ठिकाणी फोटो काढावा की नाही यावर मतभेद आहेत. माझं मत असं की, जागेचा काढावा, स्वतःचा काढू नये. मुलं लहान असतील, त्यांना दोन तास गप्प बसवता येणार नसेल, तर दोघांपैकी एकानं मुलांना बाहेर ठेवून दुसऱ्यानं आत जावं. कंबोडियाच्या नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग (ख्मेर रूज राजवटीतला तुरुंग, आता संग्रहालय) असो की हिरोशिमा, हेच लागू.

आणि जर्मनीत गमतीत नाझी सलाम करू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन चिनी पर्यटकांनी बर्लिनच्या संसदभवनासमोर तसा फोटो काढला आणि त्यांना ताब्यात घेण्यात आलं. प्रत्येकी ५०० युरो जामिनावर ते सुटले. तिथं तो गुन्हा आहे, विनोद म्हणून सांगितलं तरी.

पायरी ६: हात खिशात

जून २०२३ मध्ये एका पर्यटकानं रोमच्या कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीनं आपलं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं. नंतरच्या माफीच्या पत्रात त्यानं लिहिलं की ही वास्तू इतकी जुनी आहे हे त्याला नंतर समजलं. ती सुमारे १,९५० वर्षांची आहे. २०१४ मध्ये त्याच भिंतीवर एकच अक्षर कोरणाऱ्या एका रशियन पर्यटकाला २०,००० युरो दंड झाला होता. इजिप्तच्या लक्सर मंदिरात २०१३ मध्ये एका चिनी किशोरवयीन मुलानं कोरीव शिल्पावर स्वतःचं नाव खरडलं, तेव्हा त्याच्या आईवडिलांना वर्तमानपत्रातून माफी मागावी लागली. त्याच वर्षी चीननं आपल्या पर्यटकांसाठी परदेशात कसं वागावं याची सचित्र पुस्तिका काढली. दुसऱ्या देशाच्या पर्यटकांची अशी गोष्ट ऐकताना आपण जरा खुशीत असतो. ती खुशी पुढच्या पायरीपर्यंत टिकवून ठेवा.

प्रेमाची कुलुपं निरागस वाटतात. पॅरिसच्या पाँ दे-झार पुलावर इतकी लटकली की जून २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला. पुढच्या वर्षी काढली तेव्हा त्यांचं वजन ४५ टन भरलं. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायलाही मनाई आहे.

जनावरांच्या बाबतीत तर मायाच घात करते. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये २०१६ साली पर्यटकांनी बायसनचं पिल्लू गारठलं असेल म्हणून गाडीत घालून नेलं. २०२३ मध्ये दुसऱ्या एकानं नदीकाठी मागे राहिलेल्या पिल्लाला ढकलून वर चढवलं. दोन्ही वेळा कळपानं पिल्लाला परत घेतलं नाही आणि उद्यानाला ते मारावं लागलं. तिथला नियम साधा आहे: अस्वल, लांडगा यांसारख्या मोठ्या शिकारी जनावरांपासून किमान ९१ मीटर, बाकी जनावरांपासून २३ मीटर. समुद्रात प्रवाळावर उभं राहू नका. हवाई आणि पलाऊ या पॅसिफिकमधल्या द्वीपदेशात प्रवाळाला अपाय करणारी काही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, तेव्हा बाटलीमागचं लेबल वाचून घ्या. पलाऊत शिरताना तर पासपोर्टवर एक प्रतिज्ञाच शिक्का म्हणून उमटते. बेटाची काळजी घेण्याचं वचन, तिथल्या मुलांना उद्देशून, आणि त्याखाली आपण सही करायची.

पायरी ७: काम करणारी माणसं आणि शेजारी

जुलै २०१९ मध्ये बालीतल्या एका हॉटेलबाहेर भारतीय कुटुंबाच्या बॅगा उघडल्या जात असल्याचा व्हिडिओ आला. आतून टॉवेल, हेअर ड्रायर, साबणाची भांडी, शोभेच्या वस्तू निघत होत्या आणि ‘पैसे देतो, सोडा’ असं कुटुंब म्हणत होतं. खोलीतल्या साबण-शाम्पूच्या छोट्या बाटल्या आणि चहाच्या पुड्या वापरायला असतात. जे धुऊन पुन्हा वापरलं जातं ते हॉटेलचं असतं. नाश्त्याचं बुफे म्हणजे तिथं बसून पोटभर खायचं. डबा भरायचा असेल तर विचारायचं, बरीच हॉटेलं आनंदानं बांधून देतात.

घासाघीस जिथं चालते तिथं हसत करा, आणि किंमत ठरली की घ्या. तासभर भाव पाडून मग ‘नको’ म्हणणं अपमानकारक आहे. टिपचं देशागणिक वेगळं असतं. अमेरिकेत वाढप्यांची कमाई टिपवर अवलंबून असते आणि बिलाच्या १५ ते २० टक्के देणं रूढ आहे, तर जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरले म्हणून कुणीतरी मागे धावत येईल.

चुटक्या वाजवून कुणाला बोलावू नका. रांगेत ‘आमची एकच बॅग आहे’ चालत नाही. ग्रीसमध्ये पाच बोटं पसरून तळवा समोरच्याच्या तोंडाकडे करणं ही शिवी आहे, तेव्हा ‘पाच’ दाखवताना हात उलटा धरा. जिना सरकता असेल तर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात आणि लंडनमध्ये उजवीकडे. पुढचा माणूस पाहून उभं राहायचं. जपानी रेल्वेगाडीत फोनवर बोलत नाहीत. जपानी गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात. कचऱ्याचे डबे तिथं फारसे दिसत नाहीत, म्हणून पिशवीत एक रिकामी पिशवी.

आपण गटानं फिरतो तेव्हा आवाज आपोआप चढतो. आतल्यांना कळत नाही, बाहेरच्यांना कळतं. दहा जण असाल तर हॉटेलात, ट्रेनमध्ये, संग्रहालयात तीन-तीनच्या तुकड्या करा. भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजारी सुट्टीवर नाहीत, त्यांना सकाळी कामावर जायचं आहे. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ मानली जाते. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या रहिवाशांनी रेस्टॉरंटांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. भिजलेल्यांपैकी बहुतेकांनी व्यक्तिशः काही केलं नसेल. राग घरभाड्याचा होता, गर्दीचा होता, आणि तो समोर दिसेल त्यावर निघाला. असं कुठं सामोरं आलंच तर उलट बोलू नका, उठा आणि दुसरीकडे जाऊन बसा.

पायरी ८: चूक झालीच तर

होणारच आहे. कुणी हटकलं की लगेच थांबा. ‘बाकीचे पण करतायत’ हे वाक्य गिळा. पाठ केलेला ‘माफ करा’ शब्द वापरा, फोटो काढला असेल तर समोरच पुसून दाखवा. पोस्ट केला असेल तर काढून टाका. हसू नका, गोंधळलो की आपण हसतो, समोरच्याला ती थट्टा वाटते.

सोबतचा कुणी चुकत असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा. गाइडनं सांगावं अशी वाट पाहू नका. तो पोटासाठी गप्प बसतो.

पोलीस आले तर पासपोर्ट दाखवा, वाद घालू नका, पैसे पुढं करू नका. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करण्याआधी दुभाषी मागा. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करा, १९६३ च्या व्हिएन्ना करारानं तो हक्क दिला आहे. दूतावास वकिलांची यादी देईल, घरी कळवेल. सोडवून मात्र नेणार नाही.

आणि एक चूक घरी आल्यावर कळते, बॅग रिकामी करताना. किनाऱ्यावरचा गोटा, अवशेषांतला खापरीचा तुकडा, बाटलीभर वाळू. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत १४ बाटल्यांत सुमारे ४० किलो वाळू सापडली होती. आठवण म्हणून नेत होतो, म्हणाले. पाँपेईच्या अवशेषांतून उचललेले तुकडे कितीतरी वर्षांनी पोस्टानं परत येतात, सोबत माफीची पत्रं. उलुरूलाही असे दगड येतात, तिथले कर्मचारी त्यांना ‘सॉरी रॉक्स’ म्हणतात. पार्सल उघडतात, नोंद करतात. पण दगड नेमका कुठल्या जागेवरून उचलला हे पाठवणाऱ्यालाही आठवत नसतं, त्यामुळे तो जिथला तिथं ठेवता येत नाही.